मागेल त्याला काम

[काम मागणे ही याचना की हक्क? महाराष्ट्राने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याची हकिकत या पाठात सांगितली आहे.]

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी धसई हे गाव वसले आहे. आसपासच्या गावांची व पाड्यांची ही बाजारपेठ. पावसाळ्यात हा सारा मुलूख हिरवागार दिसतो. आवणीच्या दिवसांत येथे कोणाचेही हात रिकामे नसतात. परंतु दिवाळी येते, भात झोडून होतो आणि शेतातील काम संपते. डोंगरउतारावरचे पाणी तर केव्हाच वाहून गेलेले असते. ज्याच्याजवळ जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्याने पुढील मृगापर्यंत काय करावे?

या भागातील कित्येक कातकरी व इतर मजूर कुटुंबे मग वीटभट्ट्यांची वाट धरतात. पुष्कळांनी हंगामापूर्वीच मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. मुलांनो, वर्गातील अशी एखादी जागा रिकामी दिसली, तर त्या मुलाला आळशी म्हणू नका. गावात काम नाही, हे त्याचे खरे कारण होय.

पूर्वी दुष्काळ पडला म्हणजे सरकार दुष्काळी कामे काढीत असे. लोक खडी फोडीत, तलाव खणीत व मजुरी घेत. परंतु पाऊस पडला की ही कामे बंद होत. सुकाळाच्या वर्षीही गरिबाची चूल थंड राहू शकते, या गोष्टीचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता.

हा विचार वि. स. पागे यांनी केला. ते 1960 ते 1978 या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. धडधाकट माणसाला दान नको असते, त्याला काम हवे असते. आणि ते पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 साली भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे कामावर आली आणि या कल्पनेचे मोल सर्वांना पटले. विधिमंडळाने 1977 साली रोजगार हमीचा कायदा संमत केला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

या योजनेसाठी पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठी 1975 साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाऊ लागली आणि शासनाने तिच्यात आपली भर घातली. अशा रीतीने मुंबईच्या कचेरीत बसणारा कारकून आणि सह्याद्रीच्या कुशीत माती उपसणारा मजूर हे एकमेकांशी जोडले गेले.

या मजुरीतून पाझर तलाव झाले, नाल्यांवर बांध पडले, रस्ते व विहिरी झाल्या. 1990 पासून फळबागांची लागवडही या योजनेला जोडण्यात आली. धसईसारख्या डोंगरपट्ट्यात अशा कामांचे महत्त्व दुहेरी आहे. आज मजुरी मिळते आणि अडविलेले पाणी उद्याच्या शेतीला उपयोगी पडते.

पुढे 2005 साली संसदेने देशभरासाठी असाच कायदा केला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून 100 दिवस कामाची हमी त्याने दिली. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम द्यावे. काम 5 किलोमीटरच्या आत असावे, अन्यथा मजुरी दहा टक्के अधिक द्यावी. आणि मुदतीत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरविले होते. हा भत्ता पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान चौथ्या हिश्शाइतका व त्यानंतर निदान निम्म्याइतका असावयाचा होता. स्त्रीपुरुषांना समान मजुरी, कामावर पिण्याचे पाणी व लहान मुलांसाठी सावली यांचीही तरतूद होती.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पंधरा दिवस मोजावयाचे कोणत्या दिवसापासून? ज्या मजुराने तोंडी काम मागितले, त्याच्यापाशी त्याचे उत्तर नसते. ज्याने लेखी अर्ज देऊन तारखेची पोच घेतली, त्याच्या हातात मात्र पुरावा असतो. पोच न देणे, मजुरी महिनोन्‌महिने अडकणे, काम उशिरा सुरू होणे, अशा तक्रारी या योजनेत अनेक ठिकाणी झाल्या. तोवर भट्टीची उचल घेऊन कुटुंब निघूनही जाते! म्हणूनच पाड्यावर अर्ज लिहू शकणारे व हजेरीपत्रक वाचू शकणारे एखादे मूल असेल, तर ते साऱ्या पाड्याचा आधार ठरते.

कायदे व मजुरीचे दर काळाप्रमाणे बदलतात. परंतु कष्ट करण्यास तयार असलेल्या माणसाला काम मागताना मान खाली घालावी लागू नये, हे तत्त्व बदलत नाही.

स्वाध्याय

1. दिवाळीनंतर मजूर कुटुंबे गाव का सोडतात?
2. दुष्काळी कामे व रोजगार हमी यांत कोणता फरक आहे?
3. अर्जाची पोच घेणे का महत्त्वाचे आहे?
4. वाक्यांत उपयोग करा : वाट धरणे, मोल पटणे, मान खाली घालणे.
5. ग्रामपंचायतीकडे काम मागणारा अर्ज तयार करा. तारीख लिहिण्यास विसरू नका.