छिन्नमनस्कता आणि औषधसातत्य

चरकाचार्यांनी रुग्णाचे जे चार गुण सांगितले, त्यांत स्मृती आणि निर्देशकारित्व हे अग्रस्थानी आहेत. उन्मादाच्या वर्णनात मात्र बुद्धी व स्मृती यांचाच विभ्रम सांगितला आहे. म्हणजे ज्या बळावर रुग्णाने औषध घ्यावयाचे, तेच या व्याधीत ढळलेले असते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णास हट्टी ठरविण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे.

अमेरिकेतील 'केटी' या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७४ टक्के रुग्णांचे ठरवून दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत बंद झाले होते. कारणे अनेक. 'मला आजारच नाही' ही धारणा सर्वांत प्रबळ. त्याखालोखाल वजनवाढ, झोपाळूपणा, हातांचा कंप आणि लैंगिक दौर्बल्य. हे शेवटचे रुग्ण सहसा आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. गोळ्यांमुळे पाय एका जागी न ठरणे, ही अस्वस्थता तर घरच्यांना आजारच वाढल्यासारखी वाटते. आणि बरे वाटू लागले की गोळी सुटते, ते वेगळेच.

एक कारण आपल्याकडूनही घडते. काही वर्षांपूर्वी एका तरुणाची आई आमच्याकडे आली. "त्या गोळ्या फार उष्ण पडतात हो," असे तिचे म्हणणे. आम्ही ब्राह्मीघृत दिले. चालू गोळ्यांविषयी चकार शब्द काढला नाही. आमचे मौन हीच तिला संमती वाटली. तिसऱ्या महिन्यात अन्नात विष असल्याच्या संशयाने मुलाने जेवण सोडले व त्यास रुग्णालयात दाखल करावे लागले. चूक आमचीच होती. तेव्हापासून 'चालू गोळ्या बंद करू नयेत. बदल मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच' हे वाक्य आम्ही चिठ्ठीवर प्रथम लिहितो. सर्पगंधा तर अशा रुग्णास परस्पर देऊच नये. तिच्यातील रिसर्पिनने रक्तदाब उतरतो, ग्लानी आणि कंप वाढू शकतो.

औषधविक्रेते बंधूंचे स्थान येथे परिचारकाचे आहे. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि संशयी मन ती नाकारते. म्हणून शक्यतो तीच कंपनी द्यावी, न जमल्यास नातेवाइकांना आधी सांगावे, तेही गल्ल्यावर चारचौघांत नव्हे. महिन्याची गोळी नेण्यास कोणी आले नाही, तर घरी एक दूरध्वनी करावा. रुग्ण गोळी घेतच नसेल, तर काही आठवड्यांनी एकदा द्यावयाच्या इंजेक्शनाविषयी मनोविकारतज्ज्ञांस विचारण्यास कुटुंबीयांना सुचवावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दुकानात दिसेल असा लावावा.