सेन्सर पेव्हर आणि पेटंटची परीक्षा : आपल्या कारागिरांसाठी एक धडा



अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आपल्यापैकी पुष्कळांच्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे. याच मार्गावर लोणी ते माना या गावांदरम्यान जून २०२२ मध्ये एक जागतिक विक्रम झाला. ३ जूनच्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरी काँक्रीट अंथरायला सुरुवात झाली आणि ७ जूनला सायंकाळी ५ वाजता काम थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर रस्ता सलग तयार झाला. ३६,६३४ टन मिश्रण लागले, त्यात २,०७० टन डांबर होते. राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीच्या ७२० माणसांनी रात्रंदिवस पाळ्या करून हे काम केले. त्याआधीचा विक्रम कतारचा होता. तेथे फेब्रुवारी २०१९ मध्ये २५.२७५ किलोमीटरचे काम झाले होते आणि त्याला दहा दिवस लागले होते.

विक्रमाची बातमी सर्वांनी वाचली. आम्हाला मात्र त्यात आपल्या धंद्याचा एक वेगळा विषय दिसतो. रस्त्याची अशी कामे ज्या मशीनवर होतात, तिला आपल्याकडे पेव्हर म्हणतात. अशा मशीन बिघडल्या की वेल्डिंग, लेथ, हायड्रॉलिक आणि वायरिंगचे काम करणारे हात पुष्कळदा आपल्याच कारागिरांचे असतात. हे मिस्त्री लोक दुरुस्ती करता करता एखादी नवी युक्तीही काढतात. मग प्रश्न येतो : या युक्तीचे पेटंट मिळेल काय? आणि सरकारी परीक्षक तिची परीक्षा कशी घेतो? हे ठाऊक नसल्यामुळे कारागिराच्या हातचा हक्क निघून जातो. म्हणून आज हा धडा घेऊ.

सेन्सर काय काम करतो?

पेव्हरच्या मागे एक जड, गरम केलेली पट्टी असते. तिला स्क्रीड म्हणतात. ती दोन लांब बाहूंनी ओढली जाते आणि गरम मिश्रणावर एक प्रकारे तरंगते. बाहूचे पुढचे टोक वर घेतले की स्क्रीडचा कोन बदलतो आणि थर जाड होतो. टोक खाली घेतले की थर पातळ होतो. हा बदल एकदम होत नाही, मशीन काही अंतर पुढे गेल्यावर हळूहळू पूर्ण होतो. त्यामुळे नवखा माणूस हाताने चाक फिरवत बसला तर रस्ता सपाट होण्याऐवजी लाटांचा होतो.

येथे सेन्सर उपयोगी पडतो. बाजूला ताणलेली तार किंवा शेजारचा तयार थर यांच्यापासून उंची किती आहे हे तो सारखे मोजत राहतो आणि त्याप्रमाणे हायड्रॉलिक सिलिंडरला हुकूम देतो. काही सेन्सर स्पर्शाने मोजतात, तर काही आवाजाने. आवाजाचा सेन्सर खाली ध्वनीची लहर सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला ते पाहतो आणि त्यावरून अंतर काढतो.

आता वऱ्हाडातली अडचण पाहा. ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेप्रमाणे बदलतो. २५ अंशाला तो सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, ४५ अंशाला सुमारे ३५८ मीटर. म्हणजे साडेतीन टक्क्यांचा फरक. सेन्सर जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर लावला असेल आणि तो २५ अंशाच्या हिशेबाने मोजत असेल, तर अकोल्याच्या उन्हाळ्यात तो सुमारे १४ मिलिमीटर चुकेल. वरचा थरच जेथे ३० ते ५० मिलिमीटरचा असतो, तेथे ही चूक किती मोठी! शिवाय खाली दीडशे अंशांच्या आसपास तापलेले डांबर असतेच.

तीन प्रश्नांची परीक्षा

समजा, बडनेरा रोडवरच्या एका मिस्त्रीने जुन्या पेव्हरवर स्वतः जुळवून सेन्सर बसवला आणि उष्णतेची ही चूक दूर केली. मशीन झकास चालली. तो म्हणतो, "माझी मशीन चालते, मग पेटंट का मिळणार नाही?"

येथेच गैरसमज आहे. पेटंटचा परीक्षक मशीन किती छान चालते याचे गुण देत नाही. तो साइटवर येऊन रस्त्याला फूटपट्टी लावत नाही. तो कागद वाचतो आणि तीन प्रश्न विचारतो. पहिला : ही गोष्ट अर्जाच्या तारखेआधी जगात कोठे छापलेली किंवा वापरात होती काय? दुसरा : नवी असली तरी या धंद्यातल्या जाणकार माणसाला ती सहज सुचण्यासारखी आहे काय? तिसरा : ती उद्योगात बनवता किंवा वापरता येते काय? विक्रमात जो जास्त करतो तो जिंकतो. पेटंटमध्ये नव्या गोष्टीचा अर्ज आधी करणारा जिंकतो.

आपल्या मिस्त्रीचे चार दावे या कसोटीवर लावून पाहू.

पहिला दावा : बाजारातला तयार सेन्सर जुन्या पेव्हरवर बसवला. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(फ) सांगते की, माहीत असलेली साधने केवळ शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिले, तर तो शोध नव्हे. हा दावा येथेच पडेल.

दुसरा दावा : सेन्सरखाली ठरलेल्या अंतरावर एक दांडी लावली, तिचा प्रतिध्वनी मोजून उष्णतेचा फरक वजा केला. युक्ती हुशारीची आहे, पण परदेशी सेन्सरांत अशी दांडी कित्येक वर्षांपासून येते. मिस्त्रीने ती पाहिली नसेल, स्वतःच्या डोक्याने काढली असेल. तरीही परीक्षक जुना कागद पुढे ठेवील आणि दावा नामंजूर होईल. प्रामाणिकपणे सुचणे वेगळे आणि जगात पहिले असणे वेगळे.

तिसरा दावा : चूक दुरुस्त करण्याचे गणित. नुसते गणित किंवा नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम कलम ३(क) प्रमाणे शोधात धरला जात नाही. ते गणित मशीनच्या एखाद्या भागाकडून नवे काम करून घेत असेल, तर त्या भागासह दावा लिहावा लागतो.

चौथा दावा : समजा मिस्त्रीने सेन्सरभोवती असे कवच बनवले की डांबराची गरम वाफ ध्वनीच्या वाटेत येतच नाही. कवचाचे माप, हवा कोठून आत येते, कोठून बाहेर जाते आणि त्यामुळे चूक किती मिलिमीटरने घटली, हे सर्व त्याने लिहून ठेवले. असे कवच पूर्वी कोठे छापलेले नसेल आणि जाणकाराला सहज सुचण्यासारखे नसेल, तर या दाव्याला आशा आहे. चार दाव्यांपैकी जो सर्वांत साधा दिसतो, तोच टिकण्याजोगा निघाला हे ध्यानात घ्या.

मिर्झापूरचा दाखला

हा दुसरा प्रश्न किती कडक आहे याचा दाखला आपल्यासारख्याच कारागिरीच्या धंद्यातून मिळतो. उत्तर प्रदेशातील मिर्झापूरला पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनविणाऱ्या एका फर्मने १९५१ मध्ये लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट मागितले आणि ते मिळाले. जुन्या पद्धतीत भांडे लेथवरून उडण्याचा धोका होता. नव्या पद्धतीत दुसऱ्या टोकाने टोकदार आधार दिला होता. गावातल्याच दुसऱ्या फर्मशी वाद झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. डिसेंबर १९७८ मध्ये कोर्टाने निकाल दिला की, असा आधार लेथच्या कामात आधीपासून माहीत होता, त्यामुळे ही केवळ कारखान्यातली नेहमीची सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट गेले. कोर्टाने हेही सांगितले की, पेटंट मंजूर झाले म्हणजे ते पक्के झाले असे समजू नये. त्याला पुढेही आव्हान देता येते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे आणि आजही परीक्षक त्याचा आधार घेतात.

दाखवण्याआधी अर्ज

कारागिराचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्याच उत्साहाने होते. नवी वस्तू झाली की तो चार ठेकेदारांना बोलावून दाखवतो. एखादा तरुण ठेकेदार म्हणतो, "चाचा, हे आमच्या मशीनला पण लावून द्या." चाचा खुश होऊन लावून देतात. अर्जाआधी अशी खुली विक्री झाली की ती वस्तू नवी राहिली नाही असे म्हणायला विरोधकाला जागा मिळते.

रस्त्याची मशीन बंद खोलीत तपासता येत नाही, हे खरे. म्हणून कायद्याच्या कलम ३२ मध्ये सवलत आहे : चाचणी उघड्यावर करणे जरुरीचे असेल, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षातील केवळ चाचणीपुरता वापर माफ आहे. पण ती चाचणीच हवी, धंदा नव्हे. प्रदर्शनाची सवलतही केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतीच आहे. गावातल्या मेळाव्यात लावलेल्या स्टॉलला ती लागू होत नाही. म्हणून आमची विनंती अशी की, अर्ज होईपर्यंत फोटो कोणालाही देऊ नका. आमच्या साप्ताहिकालासुद्धा नाही.

घाई असेल तर आधी तात्पुरते वर्णन देऊन तारीख पक्की करता येते. मात्र त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णन द्यावेच लागते, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचे मानतात.

मुदती आणि खर्च

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात आणि ते ऑनलाइन करता येतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या मागणीची ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपनीला हेच आकडे ८,००० आणि २०,००० आहेत. वकील किंवा एजंटचा खर्च वेगळा.

सर्वांत जास्त लोक येथे चुकतात : अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होत नाही. त्याची वेगळी मागणी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांची मुदत आहे; पूर्वी ती ४८ महिने होती. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे धरतात. साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर मंजुरीपर्यंत कोणीही त्याला विरोध करू शकतो. परीक्षकाचा पहिला अहवाल आला की ६ महिन्यांत हरकतींचा निकाल लावायचा असतो. बहुतेक अहवालांत हरकती असतातच. त्या पाहून घाबरू नये. दावा आवरता घेऊन, पण सत्याला धरून, उत्तर द्यावे. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते, दरवर्षीची नूतनीकरण फी मात्र भरत राहावी लागते.

अर्जाआधी शोध घेणे फुकट आहे. भारतीय पेटंट कार्यालयाचा 'इनपास' हा संग्रह सर्वांना खुला आहे. रस्ता अंथरण्याच्या मशीन ई ०१ सी १९/४८ या वर्गात मिळतात. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला शेजारी बसवा. येथे दुहेरी फायदा आहे. ज्यांची मुदत संपली आहे किंवा ज्यांचे पेटंट भारतात घेतलेलेच नाही, अशा युक्त्या येथे खुशाल बनवून विकता येतात. फक्त दुसरे एखादे चालू पेटंट आड येत नाही ना, ते पाहावे. नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. या विषयाचे प्रशिक्षण तेथे मिळते.

नाव कोणाचे?

शेवटची गोष्ट महत्त्वाची. कायद्याप्रमाणे अर्जाचा पहिला हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा आहे. नुसता पैसा लावणारा शोधक होत नाही. मिस्त्रीने युक्ती काढली आणि ठेकेदाराने भांडवल दिले, तर दोघांचा करार लेखी असावा. पेटंटचा हक्क दुसऱ्याला तोंडी देता येत नाही, त्याला लेखी दस्तऐवज लागतो. हक्क विकला तरी शोधक म्हणून कारागिराचे नाव पेटंटवर यावे, अशी तरतूद कायद्यात आहे. ते नाव सोडू नका.

तेव्हा आजपासून एवढे तरी करा. गॅरेजमध्ये एक जाड वही ठेवा. जी नवी गोष्ट कराल तिचे चित्र, माप, तारीख आणि आलेले आकडे त्यात लिहा आणि खाली सही करा. आपल्या उस्तादांनी पिढ्यान् पिढ्या हुन्नर शागिर्दांच्या हातात दिला, कागदावर फार थोडा उतरवला. परीक्षक हात पाहत नाही, कागद पाहतो. आपला हुन्नर कागदावर उतरेल तेव्हाच तो आपल्या नावावर राहील.