मुंबईत दोन दिवस पुरेत, पण वार बघून

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की दिघ्यातल्या चाळींच्या गॅलऱ्यांत पाहुण्यांच्या बॅगा दिसू लागतात. गावाकडच्यांच्या लेखी दिघा म्हणजे मुंबईच. प्रत्यक्षात हे नवी मुंबईचं उत्तर टोक आहे: एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखाने. ठाणं हाकेच्या अंतरावर, पण मुंबईचा फोर्ट भाग लांब. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी दिघा गाव स्थानकही सुरू झालं. बातम्या अर्थातच सेतूच्या झाल्या. दिघेकरांना मात्र स्थानकाचंच अप्रूप, कारण तोवर गाडी पकडायला ऐरोली किंवा ठाणं गाठावं लागे. आता घराजवळ गाडी मिळते, तरी ठाण्याला उतरून, जिने चढून, दुसरी लोकल पकडून सीएसएमटीला पोचेपर्यंत सव्वा तास सहज जातो. परतीचा तेवढाच. म्हणजे ‘मुंबई बघायच्या’ प्रत्येक दिवसातले अडीच तास लोकलमध्येच जातात, हे बेत आखताना कुणी धरत नाही.

दिघ्यातच इलठणपाड्याच्या बाजूला राहणाऱ्या, कारखान्यात नोकरीला असलेल्या एका गृहस्थानंही ते धरलं नव्हतं. अकोल्याहून त्याचे साडू, मेहुणी, दोन मुलं आणि आजी आली. शनिवारी आले, पुढच्या शनिवारी परतीचं तिकीट. आठवडाभर मुंबई, एवढाच बेत. मुंबई केवढी मोठी, आठवडाही कमीच पडेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

रविवारी मेगाब्लॉक. ट्रान्सहार्बरच्या गाड्या दुपारभर बंद. दशम्या, ठेचा, पाण्याच्या बाटल्या भरून निघालेली मंडळी रिक्षा करून ठाण्याला गेली आणि तिथल्या गर्दीला भिऊन तलावपाळीवर बसून परतली. सोमवारी गेटवेला पोचले, तर घारापुरी बंद. लेणी दर सोमवारी बंद असतात. बोटवाल्यानं बंदरातली फेरी मारून आणायची तयारी दाखवली, तेवढ्यावर मुलांची समजूत काढली. मंगळवारी सगळेच दमलेले, म्हणून मॉल. बुधवारी आजींना जमेल असं ठिकाण म्हणून राणीच्या बागेत गेले. राणीची बाग बुधवारी बंद! फाटकाबाहेर आजी पिशवीवर बसल्या आणि साडूंनी एवढंच विचारलं, “भाऊ, आम्ही काय फलाटच पाहाले आलो का?”

मॉल अकोल्यातही आहेत, हे वेगळं सांगायला नको.

या आठवड्यात कुणाची हयगय झाली असं नाही. बेत आखताना दिवस मोजले आणि वार बघितले नाहीत, एवढंच झालं. मुंबईत किती दिवस राहायचं हा प्रश्न इथे फिरायला येणारा प्रत्येक जण विचारतो. खरा प्रश्न असा, की मुंबईतला कोणता दिवस भरगच्च जाईल आणि कोणता वाया जाईल. राजधानीच्या शहरांत हे सगळीकडेच असतं. दिल्लीला जाणारे मराठी लोक लाल किल्ल्याचा सोमवार आणि पुढे आग्र्यात ताजमहालाचा शुक्रवार विसरून असेच हात चोळत बसतात.

मुंबई पहिल्यांदाच बघणाऱ्याला तिथे दोन पूर्ण दिवस द्यावेत, त्याहून कमी देऊ नयेत. खिडकीतून इमारतींची नावं सांगत पळणाऱ्या एका दिवसाच्या बसवर भागवणं हा पैसे खर्चून केलेला कंजूषपणा. पहिला दिवस पायी काढावा. सीएसएमटीची १८८८ सालची इमारत रस्त्यापलीकडे उभं राहून निवांत बघावी. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथून फ्लोरा फाउंटनमार्गे ओव्हल मैदानावर यावं. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका हाताला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरची दगडी कमानदार रांग दिसते, दुसऱ्या हाताला गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून दोन्ही शतकं एकाच वेळी दिसतात. २०१८ मध्ये युनेस्कोनं या दोन्ही रांगा मिळून वारसा यादीत घेतल्या, आणि त्या बघायला तिकीट नाही. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि सूर्य उतरताना गेटवे.

दुसरा दिवस घारापुरीचा. सकाळची पहिली बोट पकडावी. तासाभराचा प्रवास, वर शंभराहून अधिक पायऱ्या, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी आधी विचार करावा. घारापुरी जमणार नसेल तर बोरिवलीच्या उद्यानातली कान्हेरी. तीही सोमवारी बंद.

तिसरा दिवस मुंबईला द्यायचा तर काही कारण हवं: सिद्धिविनायकाचा नवस, दादरची लग्नाची खरेदी, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बघायला हटून बसलेली मुलं. कारण नसेल तर मुंबई सोडावी.

सोडून जायचं कुठे? पाहुणे विदर्भातले असतील तर उत्तर नकाशाच देतो. छत्रपती संभाजीनगर त्यांच्या परतीच्या दिशेलाच आहे. शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरेक. इथेही वार बघितल्याशिवाय पाऊल उचलू नये. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलं तर दोन्ही साधतात. क्रम उलटा केला तर दोन्ही दिवशी दार बंद. योगायोग असा, की सोमवार हा मुंबईत वाया जाणारा दिवस आहे. शुक्रवार-शनिवार मुंबई, रविवारी प्रवास, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. ब्लॉक लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही अधूनमधून उशीर करतो, म्हणून रविवारी सकाळी लवकरची गाडी धरावी. गाडी ठाण्याला थांबत असेल तर दिघ्यातून उलटं सीएसएमटीपर्यंत जायची गरजच नाही.

वेरूळच्या वाटेवर देवगिरी लागतो. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथे हलवली, आणि काही वर्षांतच परत नेली. राजधानीत किती काळ राहावं याचा अंदाज चुकलेला तो बहुधा सगळ्यांत मोठा माणूस!

अजिंठा बघून झाल्यावर मुंबईला परतू नये. सगळ्या बेतातली ही सगळ्यांत कामाची गोष्ट, आणि नेमकी हीच सुचत नाही, कारण येण्या-जाण्याचं तिकीट एकाच स्थानकाचं काढायची सवय पडलेली असते. अजिंठ्याहून जळगाव साठेक किलोमीटर. तिथून भुसावळमार्गे अकोल्याच्या गाड्या मिळतात. अकोल्याच्या साडूंचं कुटुंब वार बघून या वाटेनं गेलं असतं तर मुंबई, वेरूळ, अजिंठा पाहून शनिवारच्या आधीच घरी पोचलं असतं, शिवाय यजमानाच्या दोन खणी घरातली गर्दीही लवकर हलली असती.

पाहुणे सातारा-कोल्हापूरकडचे असतील तर लोणावळ्याजवळचं कार्ले आणि लोहगड वाटेवरच आहेत. लोहगड जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी दुर्गांसोबत जागतिक वारसा यादीत गेला, रायगडही त्याच यादीत. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, तेव्हा आजींनाही तो दाखवता येतो. कोकणातल्यांनी पावसाळ्यात जंजिऱ्याचा बेत आखू नये, होड्या बंद असतात. आणि कुणाला कुठेच लांब जायचं नसेल तर हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्षी असतात. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीनं ते दाखवतात. दिघ्यातून हे ठिकाण अगदी जवळ. घरच्यांनीच कधी बघितलेलं नसतं, ते सोडा.

खर्चाची भीती असेल तर एसटीचा हिशेब मांडून बघावा. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या गाड्यांत महिलांना निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तरच्या मधल्यांना निम्मा दर. आजी, दोन बायका आणि शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबाला मुंबईबाहेर पडणं रिक्षा-टॅक्सीच्या मुंबईदर्शनापेक्षा स्वस्त पडू शकतं. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही एसटी देते. फक्त ओळखपत्र सोबत हवं, कंडक्टर मागतोच.

रेल्वेचं मात्र आयत्या वेळी जमत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतल्या गाड्यांची तिकिटं साधारण गणपतीच्या दिवसांतच खुली होतात. पाहुण्यांना बोलवायचं असेल तर आरतीला जमलेल्या वेळीच फोन लावा, आणि तारखेच्या आधी वार विचारा.