अंगावर कवच आहे, पण घालता येतंय का?



आजचं वाचन द्रोणपर्वातलं. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा करून अर्जुन व्यूहात घुसलाय. दुर्योधन घाबरून द्रोणाचार्यांकडे येतो आणि त्यांनाच बोल लावतो. आचार्य म्हणतात, मला इथून हलता येणार नाही, तूच जा. आणि मंत्र म्हणत त्याच्या अंगावर सोन्याचं कवच बांधतात. हे कवच म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही. वृत्राशी लढायला शंकरांनी ते इंद्राला दिलेलं, मग अंगिरस, बृहस्पती, अग्निवेश्य अशा हातांतून द्रोणांपर्यंत आलेलं.

पुढे समोरासमोर गाठ पडते. अर्जुनाचे बाण त्या कवचावर आपटून खाली पडतात. कृष्णालाही नवल वाटतं. पण अर्जुनाच्या लक्षात येतं की कवच आचार्यांचं आहे, आणि ते घालणाऱ्याने काय करायचं असतं हे दुर्योधनाला माहीतच नाही. त्याने ते नुसतं अंगात घातलंय. मग अर्जुन घोडे मारतो, धनुष्य तोडतो आणि शेवटी दुर्योधनाच्या तळहातांवर बाण मारतो. कवचाला ओरखडाही नाही, पण आत असलेला माणूस घायाळ.

घालणाऱ्याला काय माहीत असायला हवं होतं? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. इंजिनिअरची खोड, दुसरं काय! म्हणून कवचं सांभाळतात कशी तेच वाचत बसलो.

कौटिल्याने आयुधागाराच्या अध्यक्षाची कामं सांगितली आहेत. त्यात लोखंडी जाळीच्या चिलखतापासून फक्त कंबर झाकणाऱ्या सूत्रकापर्यंत कवचांचे प्रकार येतात. आणि सोबत सूचना: वस्तूंची जागा बदलत राहा, ऊन दाखवा, उष्णता, दमट हवा आणि किडीने खराब होणाऱ्या वस्तू सुरक्षित जागी ठेवा, अधूनमधून तपासा. म्हणजे शत्रू यायच्या आधीच कवच कोठारात बसल्या बसल्या मरतं, हे तेव्हाही माहीत होतं.

आजच्या बुलेटप्रूफ जॅकेटचंही तेच आहे, फक्त उन्हाचा नियम उलटा. आतले पॅनेल केव्हलारसारख्या धाग्याचे असतात आणि सूर्यप्रकाशाने तो धागा कमजोर होतो. म्हणून पॅनेल काढून बाहेरचं कव्हर तेवढं धुवायचं. पॅनेल ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचे आणि सावलीत आडवे ठेवून वाळवायचे. मशीनमध्ये टाकायचे नाहीत, ब्लीच नाही, इस्त्री नाही. घडी घालायची नाही, गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवायचे नाहीत. सिरॅमिकची प्लेट असेल तर ती हातातून पडली तरी आत बारीक तडा जाऊ शकतो. वरून काहीच दिसत नाही, तो एक्स-रेमध्ये दिसतो.

एक गोष्ट वाचून मात्र दचकलो. झायलॉन नावाचा एक धागा होता, हलका आणि भलताच मजबूत. 2003 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलिसाचं झायलॉनचं जॅकेट गोळीने भेदलं. चौकशीत कळलं की ऊब आणि दमटपणामुळे तो धागा आतून झिजतो. 2005 मध्ये तिथल्या न्याय विभागाच्या संस्थेने झायलॉनची जॅकेट मानकांतून बाद केली. विचार करा, ऊब आणि दमटपणा! जॅकेट घालणाऱ्याचं अंग गरम असणार, त्याला घाम येणारच. रोज अंगावर असणं हेच ते जॅकेट खात होतं, आणि घालणारा निर्धास्त.

हे वाचताना मला माझी रामरक्षा आठवली. तेही कवचच आहे, बुधकौशिक ऋषींचं. लहानपणी आजीने दिवेलागणीला पाठ करून घेतलेलं. नोकरी लागल्यापासून मी ती म्हणत नव्हतो, ऐकत होतो. लोकलमध्ये इअरफोन, कधी दीडपट वेगाने, एकीकडे ऑफिसच्या मेसेजना उत्तरं. रोज अंगावर होती म्हणा ना.

दोन वर्षांपूर्वी बाबांना रात्री अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं. आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून डोळे मिटले आणि सुरुवात केली. हृदयापर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. पोट, नाभी, कंबर, सगळी नावं एकमेकांत गुंतली. फोनची बॅटरी संपलेली. तीन वेळा पहिल्यापासून म्हटली, तीनही वेळा तिथेच अडकलो. त्या रात्री जितकं एकटं वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं.

नंतर घरी पुस्तक उघडून एकेक नाव बघितलं. रामरक्षेत अवयव डोक्यापासून पावलांपर्यंत जातात हे ठाऊक होतं, पण नावांत रामाचं चरित्र क्रमाने येतं हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं! कपाळाला दशरथाचा मुलगा, कानांना विश्वामित्रांचा लाडका, बाहूंना शिवधनुष्य मोडणारा, गुडघ्यांना सेतू बांधणारा, पावलांना बिभीषणाला वैभव देणारा. मी अडकलो होतो ते खराच्या वधापासून सुग्रीवाच्या मैत्रीपर्यंतच्या भागात. मला चाल पाठ होती, गोष्ट नव्हती. दुर्योधनाला हसायला मी कोण?

आता सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी म्हणतो, ऑडिओ न लावता. प्रत्येक अवयवाशी तो प्रसंग डोळ्यांपुढे येईपर्यंत थांबतो. घाई असेल तर कवचाचाच भाग म्हणतो, पण पळवत नाही. रविवारी पुस्तक समोर ठेवून तपासतो, कारण न कळत शब्द घसरतात. तुम्हीही उद्या एकदा काहीही न लावता म्हणून बघा, आणि कुठे अडकलात ते कमेंटमध्ये सांगा.

बाबा आता बरे आहेत. रविवारी पुस्तक त्यांच्याच हातात असतं, आणि गेल्या रविवारी त्यांनी माझ्या चार चुका काढल्या.

उद्याचं वाचन: जयद्रथवध.

राम कृष्ण हरी 🙏