टॉवर नसताना निरोप कसा पोहोचतो? (इयत्ता 5 वीसाठी मैदानी कृती)



2020 च्या ऑनलाइन शाळेत आपल्या पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवर मोबाईल होता, पण रेंज नव्हती. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले. अशा वेळी टॉवर बंद पडला, तर निरोप जाणार कसा? मुलांच्या मनात हा प्रश्न येतोच. त्याचं एक उत्तर आहे अ‍ॅड हॉक नेटवर्क. यात मधला टॉवर नसतो. प्रत्येक यंत्र शेजारच्याचा निरोप पुढे ढकलतं.

साहित्य : एक चेंडू, खडू, गावांच्या नावांच्या पाट्या.

कृती 1 : वाट शोधणे

सात मुलं उभी करा. एका बाजूला वाणगाव, बोईसर, उमरोळी जवळजवळ. दुसऱ्या बाजूला चारोटी, मनोर लांब लांब. एका टोकाला डहाणू, दुसऱ्या टोकाला पालघर. संपूर्ण नकाशा कोणालाच माहीत नाही, फक्त आपला शेजारी माहीत.

डहाणू शेजाऱ्यांना विचारतो, "विनंती क्रमांक 1, पालघरची वाट कुठे?" प्रत्येकजण तेच पुढे विचारतो आणि आपल्याला कोणी विचारलं ते लक्षात ठेवतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर गप्प बसायचं, नाहीतर नुसता गोंगाट! पालघरपर्यंत विनंती पोहोचली की उत्तर त्याच वाटेने उलटं परत येतं. 2003 साली प्रसिद्ध झालेली 'एओडीव्ही' ही पद्धत साधारण अशीच चालते.

कृती 2 : भरवशाची वाट कोणती?

आता चेंडू हाच निरोप. मुलांना विचारा, कुठून पाठवू? बहुतेक मुलं म्हणतील, "चारोटी-मनोरवरून, तीनच फेकी!" बोईसरकडून चार लागतात. पण प्रत्येक जोडीला 10 वेळा फेकायला लावा आणि झेल मोजा.

समजा लांबच्या जोडीत 10 पैकी 5 झेल मिळाले. म्हणजे एका झेलाला सरासरी 2 फेकी, तीन टप्प्यांना 6. जवळच्या जोडीत 10 पैकी 9 झेल, म्हणजे एका टप्प्याला सुमारे 1.1 फेकी, चार टप्प्यांना साधारण 4.4. टप्पे जास्त, पण कष्ट कमी! आणि चुकलेला चेंडू पुन्हा फेकायचाच नाही असं ठरवलं, तर लांब फेकीच्या वाटेने 8 पैकी सरासरी एकच निरोप पोहोचेल. बोईसरच्या वाटेने मात्र 100 पैकी सुमारे 65.

सरासरीचा धडा इथेच होऊन जातो.

कृती 3 : वाट तुटली तर?

बोईसरला खाली बसवा, बॅटरी संपली. वाणगावने लगेच मागे कळवायचं, "पुढे वाट नाही." मग डहाणू नवी विनंती काढतो, क्रमांक 2. या वेळी मनोरवरून का होईना, निरोप जातो. दोन वाटा होत्या म्हणून काम भागलं.

आता एका मुलाला गुपचूप सांगा, चेंडू घे आणि लपव. डहाणूला कसं कळणार? पालघरकडून पोच आली नाही की कळणार. रजिस्टर पोस्टाची पोचपावती आठवा. मुलांना हे पटकन समजतं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण

आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पात प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली पालघरमधल्या गावांना बिनतारी इंटरनेट जोडण्याचे प्रयोग झाले. टीव्हीच्या रिकाम्या लहरीही वापरून पाहिल्या, कारण त्या झाडाझुडपांतून चांगल्या पुढे जातात. 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं पारितोषिक मिळालं. तिथली यंत्रं एका जागी बसवलेली, आपल्या खेळातली आयत्या वेळी जुळलेली, हा फरक मुलांना सांगा. आणखी एक गोष्ट, यंत्रांची साखळी इंटरनेट तयार करत नाही. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर एका टोकाला तरी खरी जोडणी हवीच.

चर्चेसाठी प्रश्न

1. मधल्या मुलाला निरोपाचा काहीच फायदा नाही, तरी त्याने तो का पुढे द्यावा?
2. सगळेच बोईसरवरून पाठवू लागले तर बोईसरचं काय होईल?
3. आपल्या पाड्यावर मोबाईल बंद पडले, तर निरोपाच्या दोन वाटा कोणत्या?

पालकहो, तिसरा प्रश्न घरी मुलांसोबत बसून सोडवा. त्याचं उत्तर एका कागदावर लिहून दाराच्या मागे लावून ठेवा. कधीतरी नक्की उपयोगी पडेल.