माळाच्या मातीतली काळपुळी

पहिला पाऊस पडला की माळावर कोवळे गवत उगवते आणि मेंढपाळ बांधव कळप बाहेर काढतात. या दिवसांत मला हमखास विचारले जाते, "डॉक्टर, संध्याकाळपर्यंत नीट चरणारी मेंढी सकाळी मेलेली कशी सापडते?" कारणे अनेक आहेत, परंतु त्यातले एक माणसालाही गाठते. ते म्हणजे काळपुळी, अर्थात अँथ्रॅक्स. जनावरांतील या रोगाला फाशी असेही म्हणतात.

हा रोग मातीतून येतो. रोगाने मेलेल्या जनावराचे रक्त जमिनीवर सांडून त्याला हवा लागली, की त्यातील जंतू स्वतःभोवती टणक कवच करून घेतात. ऊन, थंडी, दुष्काळ यांना ते दाद देत नाहीत. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मेंढ्यांवर या जंतूंची युद्धचाचणी घेतली. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून ती जमीन भिजवली, मग तेथे मेंढ्या चारून पाहिल्या आणि १९९० मध्ये बेट सुरक्षित ठरले. मध्ये ४८ वर्षे गेली! गावचा माळ असा धुता येणार नाही. म्हणून तो नासू न देणे हाच खरा उपाय.

मेंढी गवत अगदी मुळाशी खुडते, त्यामुळे माती पोटात जाते. पावसाने हे जंतू वर येऊन सखल जागी साठतात.

एवढे लक्षात ठेवा :

१) अचानक मेलेल्या मेंढीच्या नाकातोंडातून वा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर तिला कापू नका, सोलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

२) मृत मेंढी जागेवरच पूर्ण जाळा किंवा सहा फूट खोल पुरा. कुत्र्यांना उकरू देऊ नका.

३) त्या जागेला कुंपण घाला, तेथे कळप चारू नका.

४) रोग पूर्वी आढळलेल्या भागात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्या.

मेंढी गेली की निदान कातडे, मटण तरी पदरात पडावे असे वाटणे साहजिक आहे. पण हे मटण शिजवले तरी सुरक्षित होईल याची खात्री नाही. कातडे सोलणाऱ्याच्या हातावर आधी खाजरी पुळी येते, मग फोड आणि शेवटी काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. अशी खपली दिसताच डॉक्टरांकडे जा आणि मेंढी मेल्याचे आवर्जून सांगा. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर रोगी बरा होतो.