ध्यानाची बैठक आणि पायांची तक्रार

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या दवाखान्यात आले. चेहरा उतरलेला. "डॉक्टर, पाय गेला माझा. लकवाच ना हा?" उजवे पाऊल वर उचलत नव्हते. चप्पल निसटत होती, उंबऱ्याला बोटे अडत होती. हात, चेहरा, बोलणे मात्र ठणठणीत होते.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गुरुजींनी इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी नाव नोंदवले होते. सवय व्हावी म्हणून ते रोज पहाटे दोन-दोन तास मांडी घालून, जराही न हलता बसत. पायाला मुंग्या येत, पाय बधिर होई. पण 'सहन करणे हीच साधना' अशी त्यांची समजूत.

हा अर्धांगवायू नव्हता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचे एक टोक हाताला लागते. त्याला वळसा घालून पाऊल उचलणारा मज्जातंतू जातो. तेथे तो कातडीच्या अगदी लगत असतो. त्यावर रोज तासन्तास दाब पडल्याने पाऊल लुळे पडले होते. मांडी बंद केली, पावलाला आधाराची पट्टी दिली, व्यायाम सांगितले. दोन महिन्यांत पाऊल पूर्ववत झाले. वेळेवर आले हे त्यांचे सुदैव!

गुडघा का दुखतो?

गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. मांडी घालताना लागणारे वळण खुब्याने द्यायचे असते. खुबा आखडलेला असला, की ते वळण गुडघ्याकडून वसूल केले जाते आणि त्याच्या आतली कूर्चेची गादी दुखावते. खुर्चीवर आयुष्य काढलेल्यांना हा त्रास अधिक. म्हणून आधी खुबा, घोटा व पाठ सैल करावी, मग ध्यानाला बसावे.

इगतपुरीच्या केंद्रात 1976 पासून शिबिरे होतात. पहाटे चारला उठून दिवसाला सुमारे दहा तास ध्यान असते. शिबिराच्या काळात योगासने बंद ठेवण्याचा नियम आहे. विश्रांतीच्या वेळी चालता मात्र येते. तेव्हा तयारी निदान महिनाभर आधी घरीच करावी. पोथीच्या पारायणाला बसणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

वीस मिनिटांची तयारी

रिकाम्या पोटी, सतरंजीवर, श्वास न कोंडता करावे.

1. पाय पसरून बसा. दोन्ही घोटे प्रत्येक दिशेला दहा वेळा गोल फिरवा.
2. उताणे झोपून एक गुडघा छातीशी घ्या. पाच श्वास थांबा. मग दुसरा. (पवनमुक्तासन)
3. भिंतीला पाठ टेकून तळवे एकमेकांना जुळवा व गुडघे बाजूला सोडा. हातांनी दाबू नका, हिसके देऊ नका. (बद्धकोनासन)
4. हात व गुडघे टेकून पाठ सावकाश वर-खाली करा, आठ-दहा वेळा. गुडघ्यांखाली घोंगडी घ्यावी. (मार्जरासन)
5. पालथे झोपून छाती बेताची उचला. बेंबी जमिनीलाच राहू द्या. गर्भवती, हर्निया असलेले व पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले यांनी हे करू नये. (भुजंगासन)
6. शेवटी पाच मिनिटे शवासन.

ताण जाणवला तर चालेल. सांध्यात कळ आली, की तेथेच थांबावे.

बसावे कसे?

घोंगडीची चार ते सहा बोटे उंच घडी बैठकीखाली घ्या, म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा खाली येतात व कंबर ताठ राहते. गुडघे अधांतरी राहिले, तर त्यांच्याखाली उशी द्या. सुरुवात पंधरा मिनिटांची. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. पाय बधिर झाला, तर मांडी बदला. त्यात कमीपणा नाही. उठताना आधी पाय पसरा, घोटे हलवा, संवेदना परतल्यावर भिंतीच्या आधाराने उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते.

हे अंगावर काढू नका

पाय पसरल्यावरही बधिरता जात नसेल, पाऊल उचलत नसेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे असे अचानक झाले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा. मधुमेहींनी शिबिराला जाण्यापूर्वी औषधाच्या मात्रेबद्दल विचारून घ्यावे. तेथे रात्रीचे जेवण नसते. साखर उतरण्याचा धोका असतो. मनाने औषध बंद मात्र करू नये.

पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थैर्याबरोबर सुखही मागितले आहे. आमचे गुरुजी यंदा शिबिराला जाऊन आले. दहाही दिवस खुर्चीवर बसले. परतल्यावर स्वतःच्या पायांनी जिना चढून दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, मन काही खुर्ची आणि जमीन यांत फरक करीत नाही हो!"